ब्राउझर : वेग व खाजगीपणा यांची सेटिंग्ज

इंटरनेटवरील संकेतस्थळांची पृष्ठे मागवून ती पडद्यावर दाखविणाऱ्या संगणकीय कार्यक्रमास ब्राउझर किंवा न्याहाळक म्हणतात. पृष्ठ मागविताना कोणती माहिती बाहेर जावी, कोणती संगणकात साठून राहावी, चित्रे, जाहिराती इत्यादींपैकी काय उतरवून घ्यावे व काय टाळावे हे ठरविणाऱ्या आणि वापरणाऱ्यास बदलता येणाऱ्या नियंत्रणांना ‘सेटिंग्ज’ अशी संज्ञा रूढ आहे. ब्राउझर प्रथम बसविला जातो तेव्हा ही नियंत्रणे निर्मात्याने ज्या स्थितीत ठेवलेली असतात, तिला मूळ सेटिंग (डीफॉल्ट) म्हणतात. वेग व खाजगीपणा यांच्या सेटिंग्जचा गेल्या तीन दशकांचा इतिहास हा मुख्यतः मूळ सेटिंग कोणी व कोणाच्या हितासाठी ठरवावे, या वादाचा इतिहास आहे. सेटिंग बदलण्याची मुभा सर्वांना असली, तरी बहुसंख्य लोक ती वापरीत नाहीत. त्यामुळे निर्मात्याने जे ठरविले, तेच कोट्यवधी लोकांच्या बाबतीत कायम राहते.

प्रारंभ : जिनीव्हाजवळील सर्न या यूरोपीय अणुकेंद्रीय संशोधन संस्थेत काम करणारे ब्रिटिश संगणकतज्ञ टिम बर्नर्स-ली (१९५५– ) यांनी १९८९ मध्ये माहितीच्या परस्परसंलग्न जाळ्याची योजना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने या तंत्रावरील आपला हक्क सोडून ते सर्वांना खुले केले. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात मार्क अँड्रीसन व एरिक बीना यांनी ‘मोझेइक’ हा ब्राउझर तयार केला. मजकुराच्या ओळींतच चित्रे दाखविण्याच्या त्याच्या सोयीमुळे हे माध्यम सामान्य लोकांत झपाट्याने पसरले.

चित्रांबरोबर वेगाचा प्रश्न आला. सेकंदाला २८·८ किलोबिट वाहून नेणाऱ्या मोडेमवरून १०० किलोबाइटचे एक चित्र उतरण्यास सुमारे अर्धे मिनिट लागे. साहजिकच चित्रे आपोआप न उतरविण्याचे सेटिंग हे सामान्य वापरणाऱ्यांनी आवर्जून बदललेल्या पहिल्या सेटिंग्जपैकी एक ठरले. भारतात विदेश संचार निगम या मुंबईस मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. तीत विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या स्वस्त खात्यांतून केवळ मजकूरच पाहता येत असे. या काळापर्यंत सेटिंग म्हणजे वापरणारा आणि त्याची दूरध्वनी तार यांच्यामधील तडजोड होती. तीत तिसऱ्या कोणाचा संबंध नव्हता.

कुकीचा उगम : पृष्ठांच्या देवघेवीची मूळ पद्धती स्मृतिहीन होती. पृष्ठे पुरविणाऱ्या संगणकास (सर्व्हरला) प्रत्येक मागणी नव्या माणसाकडून आल्यासारखीच भासे. दुकानात निवडलेली वस्तू टोपलीत राहावी एवढीही सोय या पद्धतीत नव्हती. नेटस्केप कंपनीतील अभियंते लू माँटुली यांनी १९९४ मध्ये यावर उपाय काढला. सर्व्हरने पाठविलेली एक लहानशी खूण ब्राउझरने आपल्याकडे जपून ठेवावयाची आणि पुढील प्रत्येक मागणीबरोबर ती परत पाठवावयाची, असे या उपायाचे स्वरूप होते. संगणकशास्त्रात पूर्वीपासून प्रचलित असलेल्या एका संज्ञेवरून या खुणेस ‘कुकी’ हे नाव मिळाले. ऑक्टोबर १९९४ मध्ये नेटस्केपच्या ब्राउझरची पहिली चाचणी-आवृत्ती प्रसृत झाली, तिच्यात कुकीची सोय होती. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ती १९९५ साली आली.

कुकी मूळ सेटिंगनुसार चालू होती आणि तिची सूचना वापरणाऱ्यास दिली जात नव्हती. फेब्रुवारी १९९६ मध्ये फायनॅन्शिअल टाइम्स या ब्रिटिश वृत्तपत्राने या विषयावर लेख प्रसिद्ध केला, तेव्हा सामान्य लोकांना कुकीचे अस्तित्व प्रथम कळले. त्याच वर्षी व पुढील वर्षी अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगासमोर या प्रश्नावर चर्चा झाली. नेटस्केपच्या तिसऱ्या आवृत्तीत (१९९६) कुकी स्वीकारण्यापूर्वी इशारा देणारे सेटिंग घालण्यात आले; परंतु ते चालू केल्यास पृष्ठागणिक प्रश्नांच्या चौकटी उघडत व थोड्याच वेळात कंटाळून लोक ते बंद करीत. मूळ सेटिंग न बदलता केवळ निवडीची मुभा देणे पुरेसे नसते, हे या पहिल्याच प्रयोगात दिसून आले.

त्रयस्थ कुकी व मानकाचा प्रश्न : एकाच पृष्ठावरील निरनिराळे भाग निरनिराळ्या सर्व्हरवरून येऊ शकतात. मजकूर वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरून व जाहिरातीचे चित्र जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून, असे घडले म्हणजे त्या कंपनीसही आपली कुकी ठेवता येते. हीच त्रयस्थ कुकी होय. एकच जाहिरात कंपनी हजारो संकेतस्थळांवर चित्रे पुरवीत असेल, तर एक व्यक्ती दिवसभरात कोणकोणती पृष्ठे वाचते हे त्या कंपनीस त्या एका खुणेवरून जुळविता येते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात उदयास आलेल्या डबलक्लिक या कंपनीने या पद्धतीचा व्यापार मोठ्या प्रमाणावर केला. नाव-पत्त्यांसह खरेदीची माहिती बाळगणारी एक कंपनी तिने १९९९ मध्ये आपल्यात विलीन करून घेतली, तेव्हा दोन्ही माहितीसाठे जोडले जाण्याच्या शक्यतेने अमेरिकेत मोठा क्षोभ झाला. गूगलने २००८ मध्ये डबलक्लिकची खरेदी पूर्ण केली.

हा धोका तंत्रज्ञांनी आधीच ओळखला होता. डेव्हिड क्रिस्टल व लू माँटुली यांनी लिहिलेले कुकीचे पहिले औपचारिक मानक फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्राउझरने त्रयस्थ कुकी स्वीकारू नये, निदान मूळ सेटिंगमध्ये ती बंद असावी, असा त्याचा आशय होता. जाहिरात कंपन्यांनी त्यास विरोध केला आणि नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट या दोन्ही प्रमुख निर्मात्यांनी ही तरतूद अंमलात आणली नाही. २००० सालच्या सुधारित मानकाचेही तेच झाले. अखेर २०११ च्या मानकात प्रत्यक्ष प्रचारात असलेल्या वर्तनाचीच नोंद करण्यात आली आणि त्रयस्थ कुकीविषयीचे धोरण ब्राउझरच्या निर्मात्यांवर सोपविण्यात आले. १९९७ मधील तो निर्णय बहुसंख्य ब्राउझरांत प्रत्यक्षात येण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरात तो अद्याप आलेला नाही.

मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत (२००१) खाजगीपणाची सरकपट्टी देऊन निराळा मार्ग अवलंबिला. संकेतस्थळाने आपले माहितीविषयक धोरण ठराविक सांकेतिक शब्दांत जाहीर करावे व ब्राउझरने ते वाचून कुकी स्वीकारावी वा नाकारावी, अशी ही पी३पी नावाची योजना होती. धोरण खरे की खोटे, हे पडताळण्याची सोय मात्र तीत नव्हती. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये तेहेतीस हजारांहून अधिक संकेतस्थळांची सांकेतिक धोरणे तपासली, तेव्हा त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश सदोष आढळली. योजना हळूहळू लोप पावली.

वेगासाठीची सेटिंग्ज : एकदा उतरविलेली चित्रे व इतर घटक संगणकातच साठवून पुन्हा वापरणे, हा वेग वाढविण्याचा सर्वांत जुना उपाय होय. या साठ्यास कॅश म्हणतात. त्याचा आकार वाढविणे वा तो रिकामा करणे, ही सेटिंग्ज प्रारंभीच्या ब्राउझरांपासून आहेत. सर्व्हरशी एका वेळी किती जोडण्या कराव्यात, ही वेगाची दुसरी बाब होती. सर्व्हरवर भार पडू नये म्हणून १९९९ च्या मानकाने ही संख्या दोनपुरती मर्यादित ठेवावी असे सुचविले होते. २००४ मध्ये फायरफॉक्स हा ब्राउझर आला. त्याच्या ‘अबाउट-कॉन्फिग’ या अंतर्गत पृष्ठावर शेकडो सेटिंग्ज उघडपणे बदलता येत असल्यामुळे जोडण्यांची संख्या वाढविणे, एका मागणीच्या उत्तराची वाट न पाहता पुढील मागण्या पाठविणे (पाइपलायनिंग) आणि पृष्ठ रंगविण्यापूर्वीचा विलंब शून्यावर आणणे, असे उपाय वापरणाऱ्यांत लोकप्रिय झाले.

अशा हौशी बदलांचे फळ संमिश्र होते. जोडण्यांची वाढ उपयुक्त ठरली व २००८–०९ च्या सुमारास प्रमुख ब्राउझरांनी ही संख्या मूळ सेटिंगमध्येच सहा केली. पाइपलायनिंगमुळे मात्र अनेक सर्व्हर गोंधळत. एका संथ उत्तरामागे बाकीची सर्व उत्तरे अडकून पडत. फायरफॉक्समधून ही सोय पुढे काढून टाकण्यात आली. एकाच जोडणीवरून अनेक मागण्या समांतर वाहून नेणारी नवी देवघेव-पद्धती २०१५ मध्ये व तिच्या पुढील आवृत्तीचे मानक २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर जुन्या हस्तोपचारांचे प्रयोजन संपले.

वेग वाढविण्याच्या काही सोयींची किंमत खाजगीपणाच्या रूपाने द्यावी लागते. कॅशमध्ये एखादी वस्तू आहे की नाही, हे ती उतरण्यास लागलेल्या वेळावरून ओळखता येते आणि त्यावरून ती व्यक्ती पूर्वी कोणत्या संकेतस्थळी जाऊन आली होती याचा तर्क करता येतो, हे एडवर्ड फेल्टन व मायकेल श्नायडर यांनी २००० मध्ये दाखवून दिले. यावर उपाय म्हणून कॅशचे संकेतस्थळनिहाय स्वतंत्र कप्पे करण्याची पद्धती पुढे आली. सफारीने ती प्रथम स्वीकारली. क्रोमने २०२० मध्ये व फायरफॉक्सने २०२१ मध्ये तिचा अवलंब केला. एका संकेतस्थळासाठी साठविलेली वस्तू दुसऱ्यास वापरता न आल्यामुळे जाळ्यावरून उतरवाव्या लागणाऱ्या माहितीत क्रोमच्या चाचणीत सुमारे ४ टक्के वाढ झाली. येथे वेगाचा थोडा अंश जाणूनबुजून सोडण्यात आला.

पृष्ठे आपल्या सर्व्हरवर मागवून, दाबून लहान करून मग भ्रमणध्वनीवर पाठविणारा ओपेरा मिनी हा नॉर्वेतील कंपनीचा ब्राउझर जानेवारी २००६ मध्ये जगभर उपलब्ध झाला. मंद जोडणी व मोजूनमापून मिळणारी माहिती यांमुळे भारतात त्याचा व त्याच प्रकारच्या यूसी ब्राउझरचा मोठा प्रसार झाला. परंतु या व्यवस्थेत वाचकाची प्रत्येक मागणी मध्यस्थाच्या हातून जाते. म्हणून वेगासाठी मध्यस्थावर पूर्ण विश्वास ठेवावा लागतो. यूसी ब्राउझरमधून वापरणाऱ्याचे स्थान व शोधशब्द यांसारखी माहिती पुरेशा संरक्षणाविना बाहेर जात असल्याचे टोराँटो विद्यापीठातील सिटिझन लॅब या संस्थेने २०१५ मध्ये दाखविले. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातलेल्या ५९ चिनी उपयोजनांत हा ब्राउझर होता.

जाहिरात-रोधक : फायरफॉक्सच्या पूर्वावतारासाठी २००२ मध्ये हेन्रिक सोरेन्सन या डॅनिश विद्यार्थ्याने ‘अ‍ॅडब्लॉक’ हे जोडपत्र लिहिले. व्लादिमीर पालांत यांचे ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ २००६ मध्ये आणि रेमंड हिल यांचे ‘यूब्लॉक’ २०१४ मध्ये आले. स्वयंसेवकांनी जमविलेल्या याद्यांशी प्रत्येक मागणी ताडून पाहावयाची व जाहिरात किंवा मागोवा घेणाऱ्या सर्व्हरकडे जाणारी मागणी पाठवावयाचीच नाही, असे यांचे कार्यतत्त्व आहे.

तोपर्यंत वेग आणि खाजगीपणा ही परस्परविरोधी उद्दिष्टे मानली जात. रोधकांनी ही समजूत बदलली. न पाठविलेल्या मागणीस वेळ लागत नाही आणि तिच्यातून माहितीही फुटत नाही. जॉर्जिओस काँटाक्सिस व मोनिका च्यू यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृत्तविषयक २०० प्रमुख संकेतस्थळे फायरफॉक्सच्या मागोवा-प्रतिबंधासह व त्याविना उघडून पाहिली. प्रतिबंध चालू असताना पृष्ठ उतरण्याचा मध्यम काळ ४४ टक्क्यांनी, माहितीचा वापर ३९ टक्क्यांनी व कुकींची संख्या ६७·५ टक्क्यांनी घटली. याचा अर्थ वाचकाच्या प्रतीक्षेचा व खर्चाचा मोठा भाग त्याने न मागितलेल्या गोष्टींवर जात होता.

या प्रश्नास दुसरी बाजूही आहे. अनेक वृत्तपत्रे व लहान प्रकाशक यांचे उत्पन्न जाहिरातींवर अवलंबून असल्याने रोधकांमुळे त्यांचे नुकसान होते. अ‍ॅडब्लॉक प्लसने २०११ मध्ये ‘स्वीकारार्ह’ जाहिराती मूळ सेटिंगनुसार दाखविण्याचे ठरविले. परंतु मोठ्या कंपन्यांकडून त्याबद्दल शुल्क घेतले जाऊ लागल्याने तोही वादाचा विषय झाला. गूगलने क्रोमच्या जोडपत्रांसाठी नवी नियमावली आणली, तीनुसार जोडपत्राने प्रत्येक मागणी स्वतः तपासण्याऐवजी नियमांची यादी ब्राउझरकडे सोपवावयाची असते. वेग, सुरक्षितता व खाजगीपणा हीच कारणे कंपनीने त्यासाठी दिली. जुन्या पद्धतीची जोडपत्रे २०२४–२५ मध्ये बंद करण्यात आली व यूब्लॉक ओरिजिन हे प्रभावी रोधक त्यात गेले. जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीनेच जाहिरात-रोधकांच्या मर्यादा ठरवाव्यात काय, असा आक्षेप तिच्यावर घेण्यात आला.

खाजगी खिडकी : ॲपलच्या सफारीत २००५ मध्ये खाजगी न्याहाळणीची सोय प्रथम आली. क्रोममध्ये ती २००८ साली, तर इंटरनेट एक्सप्लोरर व फायरफॉक्स यांत २००९ साली आली. खिडकी बंद करताच भेटींची नोंद, कुकी व साठा पुसला जातो, एवढेच हिचे कार्य आहे. एकच संगणक वापरणाऱ्या घरातील इतर व्यक्तींपासून ती आडोसा देते. संकेतस्थळ, इंटरनेट पुरविणारी कंपनी किंवा कार्यालयाचे जाळे यांपासून नव्हे. नावामुळे मात्र व्यापक गैरसमज झाला. या प्रकारात असतानाही माहिती गोळा केली गेल्याचा आरोप करणारा सामूहिक दावा गूगलविरुद्ध अमेरिकेत २०२० मध्ये दाखल झाला. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या तडजोडीनुसार जुन्या नोंदी नष्ट करण्याचे व आपली सूचना अधिक स्पष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले.

‘मागोवा घेऊ नका’ हा संकेत : आपला मागोवा घेऊ नये अशी विनंती ब्राउझरने प्रत्येक मागणीबरोबर पाठवावी, ही कल्पना २००९ मध्ये पुढे आली व २०११ मध्ये फायरफॉक्समध्ये तिचे सेटिंग घालण्यात आले. हा संकेत पाळण्याची सक्ती कोणावरही नव्हती. जाहिरात कंपन्या तो स्वेच्छेने पाळतील अशी अपेक्षा होती. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये तो मूळ सेटिंगनुसार चालू करण्याचे ठरविताच, व्यक्तीने स्वतः केलेली ही निवड नसल्याने तिचा मान राखण्याचे कारण नाही, अशी भूमिका जाहिरातक्षेत्राने घेतली. मागोव्यास मूक संमती गृहीत धरणारे क्षेत्र नकाराच्या बाबतीत मात्र स्पष्ट उच्चाराचा आग्रह धरू लागले. मानक ठरविणारी समिती जानेवारी २०१९ मध्ये निर्णयाविना विसर्जित झाली. हा संकेत पाठविणारे लोक थोडे असल्यामुळे तो स्वतःच ओळख पटविण्याचे साधन होऊ शकतो, या कारणास्तव ॲपलने त्याच वर्षी तो काढून टाकला.

ब्राउझरची अंगुलिमुद्रा : कुकी न ठेवताही वापरणाऱ्यास ओळखता येते. पडद्याचा आकार, कालविभाग, बसविलेले टंक, भाषेची पसंती, ब्राउझरची आवृत्ती इ. तपशील एकेकटे सामान्य असले, तरी त्यांचा संच बहुधा एकमेव असतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेतील पीटर एकर्सली यांनी २०१० मध्ये ४,७०,१६१ ब्राउझरांची तपासणी केली. त्यांपैकी ८३·६ टक्के ब्राउझरांची ‘अंगुलिमुद्रा’ इतर कोणाशीही जुळत नव्हती. फ्लॅश किंवा जावा बसविलेल्यांत हे प्रमाण ९४·२ टक्के होते.

या शोधामुळे सेटिंग बदलण्याच्या कल्पनेस एक मर्यादा पडली. जो जितकी सेटिंग्ज आपल्या आवडीनुसार बदलतो, तो तितका इतरांहून वेगळा व म्हणून ओळखण्यास सोपा होतो. आपली भाषा मराठी ठेवणारा वाचकही परदेशी संकेतस्थळावर इंग्रजी ठेवणाऱ्यांच्या तुलनेने लहान गटात मोडतो. म्हणून टॉर ब्राउझरने उलट मार्ग पत्करला. सर्व वापरणारे शक्य तितके एकसारखे दिसावेत अशी त्याची रचना असून खिडकीचा आकारही ठराविक टप्प्यांत ठेवला जातो आणि सेटिंग्जमध्ये फारसे फेरफार करू नयेत असाच सल्ला दिला जातो. त्याची मागणी अनेक मध्यस्थ संगणकांतून फिरून जात असल्यामुळे वेग मात्र कमी होतो. मागोव्यापासूनचे संरक्षण अशा प्रकारे एकेकट्याच्या चातुर्यापेक्षा समुदायाच्या सारखेपणावर अधिक अवलंबून असते आणि हा सारखेपणा मूळ सेटिंगमधूनच येऊ शकतो.

मूळ सेटिंगमधील बदल : सफारीने २००३ पासून, म्हणजे जन्मापासूनच, न भेटलेल्या संकेतस्थळांच्या त्रयस्थ कुकी नाकारण्याचे मूळ सेटिंग ठेवले होते. गूगलने त्यातील एका फटीचा उपयोग करून कुकी ठेवल्याचे २०१२ मध्ये उघडकीस आले व संघीय व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत कंपनीस २·२५ कोटी डॉलर दंड भरावा लागला. पुढे सफारीने २०१७ मध्ये मागोवा ओळखून रोखणारी यंत्रणा आणली आणि मार्च २०२० मध्ये सर्व त्रयस्थ कुकी पूर्णतः बंद केल्या. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ मध्ये ज्ञात मागोवाकारांच्या कुकी सर्वांसाठी रोखल्या व २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी स्वतंत्र कप्प्यात ठेवण्यास प्रारंभ केला.

जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या क्रोमची वाटचाल निराळी झाली. त्रयस्थ कुकी दोन वर्षांत बंद करण्याचा मनोदय गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केला व पर्यायी जाहिरात-तंत्रे सुचविली. ती मुदत एकाहून अधिक वेळा लांबणीवर पडली. जानेवारी २०२४ मध्ये १ टक्का वापरणाऱ्यांवर प्रयोग झाला, जुलै २०२४ मध्ये बेत सोडून देण्यात आला आणि २०२५ मध्ये पर्यायी तंत्रांपैकी बहुतेकही मागे घेण्यात आली. जाहिरातदार, प्रकाशक व ब्रिटनचे स्पर्धा-नियामक यांचे आक्षेप हे यातील एक कारण होते. जाहिरातक्षेत्रातील सर्वांत मोठ्या कंपनीनेच प्रतिस्पर्ध्यांची साधने बंद करावीत, यात स्पर्धेला धोका असल्याचे त्यांचे म्हणणे होते.

मूळ सेटिंगचे आर्थिक मूल्य किती असते, हे अमेरिकेतील एका खटल्यात स्पष्ट झाले. ब्राउझर, भ्रमणध्वनी इत्यादींत आपले शोधयंत्र मूळ सेटिंग म्हणून राहावे यासाठी गूगलने एकट्या २०२१ मध्ये २,६३० कोटी डॉलर दिले होते. न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी गूगलने शोधक्षेत्रात बेकायदेशीरपणे मक्तेदारी टिकविल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मधील उपायविषयक निर्णयात एकाधिकाराचे करार करण्यास मनाई झाली. मूळ स्थानासाठी पैसे देण्यास सरसकट बंदी मात्र घातली गेली नाही. वापरणाऱ्यास एका टिचकीने बदलता येणाऱ्या सेटिंगसाठी एवढी रक्कम दिली जाते, यावरूनच ते बदलणारे किती थोडे असतात याची कल्पना येते.

कायदा : यूरोपीय संघाने २००९ मध्ये आपल्या निर्देशात दुरुस्ती करून अनावश्यक कुकींसाठी पूर्वसंमती आवश्यक केली. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या माहितीसंरक्षण नियमनाने संमतीची व्याख्या अधिक कडक केली. आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निर्णय यूरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. मूळ सेटिंग म्हणजे निवड नव्हे, हे तत्त्व त्यामुळे कायद्यात रुजले. व्यवहारात मात्र प्रत्येक संकेतस्थळावर संमतीच्या चौकटी उगवल्या व १९९६ मधील इशाऱ्यांप्रमाणेच लोक त्या न वाचता दूर सारू लागले.

कॅलिफोर्निया राज्याने निवडीचे स्थान संकेतस्थळाऐवजी ब्राउझरमध्येच ठेवले. ‘आपली माहिती विकू नये’ हे सांगणारा, २०२० मध्ये पुढे आलेला नवा संकेत तेथे कायद्याने बंधनकारक असून तो न पाळणे हा ज्यातील एक आरोप होता, अशा प्रकरणात एका विक्रेत्या कंपनीस २०२२ मध्ये १२ लाख डॉलर भरावे लागले. हा संकेत पाठविण्याचे सेटिंग प्रत्येक ब्राउझरमध्ये १ जानेवारी २०२७ पासून असलेच पाहिजे, असा कायदा तेथे ऑक्टोबर २०२५ मध्ये संमत झाला. पूर्वीच्या संकेतास नसलेले कायद्याचे पाठबळ यास आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण व स्पष्ट कृतीने दिलेली असावी, असे त्यात म्हटले आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना आहे. ब्राउझरच्या मूळ सेटिंगविषयी स्वतंत्र तरतूद या अधिनियमात नाही.

व्यवहारातील निवड : या इतिहासाच्या आधारे सामान्य वापरणाऱ्यास उपयुक्त ठरणारी सेटिंग्ज थोडीच आहेत. त्रयस्थ कुकी बंद करणे व मागोवा-प्रतिबंध चालू ठेवणे यांत वेग व खाजगीपणा दोहोंचा लाभ होतो. क्वचित एखादे संकेतस्थळ नीट चालत नाही, तेव्हा तेवढ्यापुरता अपवाद करता येतो. केवळ सांकेतिक स्वरूपातील सुरक्षित जोडणीच वापरण्याचे सेटिंग वाटेत होणाऱ्या चोरट्या वाचनास आळा घालते. जोडपत्रे मोजकीच असावीत. कारण प्रत्येक जोडपत्रास वाचली जाणारी पृष्ठे पाहण्याचा अधिकार मिळू शकतो, ते वेग घटवू शकते व अंगुलिमुद्रेत भर टाकू शकते. वेग वाढावा म्हणून कॅश वारंवार रिकामी करणे मात्र निष्फळ होय, कारण सर्व घटक पुन्हा उतरवावे लागून पृष्ठे उलट संथ होतात. ब्राउझर अद्ययावत ठेवणे हे या सर्वांहून महत्त्वाचे आहे.

ही काळजी जाणकारांनी घेतली, तरी मूळ प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. इशाऱ्याच्या चौकटी, सांकेतिक धोरणे, विनंतीचा संकेत व संमतीपत्रे या चारही प्रयोगांत संरक्षणाचा भार वापरणाऱ्यावर टाकण्यात आला व ते अयशस्वी ठरले किंवा निष्प्रभ झाले. जेथे मूळ सेटिंग बदलले, तेथे काहीही न जाणणाऱ्या वाचकासही संरक्षण मिळाले. सेटिंग बदलण्याचा हक्क जाणकारांच्या उपयोगी पडतो. पण ज्यास सेटिंग्ज असतात हेही ठाऊक नाही, त्याचा खाजगीपणा सर्वस्वी मूळ सेटिंगवर विसंबून असतो आणि अशांचीच संख्या मोठी आहे.